कुमारवयीनांसाठी मानसशास्त्रीय प्रश्नावलींचे भाषांतर : काही भाषाशास्त्रीय विचार

एका भाषेत तयार झालेली मानसशास्त्रीय प्रश्नावली दुसऱ्या भाषेत आणणे हे काम वरवर पाहता सोपे वाटते. विधाने लहान असतात, शब्द नित्याचे असतात, आणि दोन्ही भाषा जाणणारा एखादा पदवीधर दोन दिवसांत वीस-पंचवीस विधानांचे भाषांतर हातावेगळे करू शकतो. प्रबंधांच्या परिशिष्टांत अशी भाषांतरे पुष्कळ आढळतात. त्यांच्या आधारे काढलेल्या सरासऱ्या, सहसंबंध आणि निष्कर्ष ह्यांना स्वतंत्र प्रकरणे मिळतात. भाषांतराची वासलात मात्र एका ओळीत लावलेली असते. परंतु त्याच अंकांवरून शाळेतील कोणत्या मुलाकडे लक्ष द्यावयाचे, कोणाला समुपदेशकाकडे पाठवावयाचे आणि कोणाला निर्धास्तपणे वर्गात बसू द्यावयाचे हे ठरू लागते, तेव्हा त्या एका ओळीचे मोल फार वाढते. भाषांतरात बिघडलेले विधान दोन तऱ्हांनी अपाय करते : जे मूल सुखरूप आहे त्याच्यावर आजाराचा शिक्का बसतो, आणि जे खरोखर कष्टी आहे ते नजरेतून निसटते. दुसरा अपाय अधिक गंभीर होय, कारण त्याची वाच्यता कधीच होत नाही.

प्रथम वयाविषयी थोडेसे. इंग्रजीत तेरा ते एकोणीस ह्या संख्यांच्या अखेरीस एकच प्रत्यय येतो, आणि त्या प्रत्ययावरूनच ह्या वयाला नाव पडले आहे. मराठीची संख्यागणना वेगळी. अकरा ते अठरा हे एका नादाचे शब्द. एकोणीस मात्र विसाच्या पंगतीला जाऊन बसतो, कारण त्याचा अर्थच ‘विसाला एक उणा’ असा आहे. त्यामुळे इंग्रजीने संख्येच्या आधाराने आखलेला वयोगट मराठी मुलाच्या भाषिक अनुभवात नाही. ‘पौगंडावस्था’ हा शास्त्रीय शब्द रूढ झाला असला, तरी संस्कृतातील जुन्या वयविभागणीत पौगंड म्हणजे दहाव्या वर्षापर्यंतचे वय होते, त्यापुढे कैशोर. जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस वर्षे ही मर्यादा मानते. प्रस्तुत लेखात ‘कुमार’ हा शब्द स्थूलमानाने अकरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी वापरला आहे.

परदेशी मानसशास्त्रीय साधने मराठीत आणण्याचा उद्योग नवा नाही. व्ही. व्ही. कामत ह्यांनी बिने ह्यांच्या बुद्धिमापन कसोटीचे कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी केलेले संस्करण १९३४ साली प्रसिद्ध झाले. परंतु बुद्धिमापन कसोटी आणि आजची प्रश्नावली ह्यांत एक मूलभूत फरक आहे. कसोटीतील प्रश्नाला बरोबर उत्तर असते. एखादा प्रश्न भाषांतरात अकारण कठीण झाला, तर हुशार मुलेही तो चुकतात, आणि त्या चुकांची संख्याच संशोधकाला सावध करते. प्रश्नावलीत असे काही घडत नाही. विधानाचा अर्थ मुलाने भलताच घेतला, तरी ते चारांपैकी एका चौकोनात खूण करतेच. कागद पूर्ण भरलेला दिसतो, बेरीज बिनचूक होते, आणि दोष आत तसाच राहतो.

ह्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे मॉरिस रोझेनबर्ग ह्यांची आत्मादराची श्रेणी. ही मुळात कुमारांसाठीच रचलेली होती. न्यूयॉर्क राज्यातील दहा माध्यमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या ५,०२४ विद्यार्थ्यांचा अभ्यास करून रोझेनबर्ग ह्यांनी आपला ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध केला. श्रेणीत अवघी दहा विधाने आहेत : पाच स्वतःविषयी अनुकूल, पाच प्रतिकूल. विद्यार्थ्याने प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत चारांपैकी एक उत्तर द्यावयाचे. ह्या आटोपशीरपणामुळे ती जगभर पसरली. डेव्हिड श्मिट आणि यूरी आलिक ह्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५३ राष्ट्रांतील १६,९९८ व्यक्तींची उत्तरे होती आणि भाषांतरे २८ भाषांतील होती. सर्वत्र सरासरी मध्यबिंदूच्या वरच आली, हा एक दिलासा देणारा निष्कर्ष. परंतु प्रतिकूल विधानांचे आकलन सर्व राष्ट्रांत सारखे होत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसून आले. त्यात जपानची सरासरी सर्वांत कमी होती. जपानी तरुण खरोखरच स्वतःला इतका कमी लेखतो काय, की स्वतःची वाखाणणी करणाऱ्या विधानाला मुक्तकंठाने ‘सहमत’ म्हणणे त्याच्या शिष्टाचारात बसत नाही, हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि केवळ बेरजेवरून तो मिटण्यासारखा नाही.

श्रेणीतील आठवे विधान भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने विशेष लक्ष देऊन पाहावे असे आहे. बोलणाऱ्याला स्वतःविषयी अधिक आदर वाटू शकला असता तर बरे झाले असते, असा त्याचा आशय. जो ह्याला ‘सहमत’ म्हणेल त्याचा आत्मादर कमी, असा हिशेब आहे. चिनी भाषांतरांत ह्या विधानाने दगा दिला. तेथे ज्यांचा आत्मादर इतर विधानांवरून उंच दिसतो, असेच लोक ह्या विधानालाही होकार देतात असे आढळले. म्हणून काही चिनी संशोधकांनी ते विधान गाळावे, अथवा त्याचे गुण उलट धरावेत, असे सुचविले. कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. इंग्रजी वाक्यातील इच्छादर्शक क्रियापदाला भूतकाळी साहाय्यक जोडलेले आहे, आणि त्या रचनेतच ‘जे इच्छितो ते नाही’ ही कबुली दडलेली आहे. चिनी भाषांतरातील क्रियापद साध्या आशेचे आहे. आशेत उणिवेची कबुली नसते. अधिक मान मिळवावा अशी आशा तर आत्मविश्वासाने भरलेला विद्यार्थीच बोलून दाखवील! शब्दकोशाच्या दृष्टीने भाषांतर निर्दोष आहे. बिघाड क्रियापदाच्या अर्थरूपात आहे.

मराठीत हाच सापळा मांडलेला आहे. ‘मला स्वतःविषयी अधिक आदर वाटावा अशी माझी इच्छा आहे’ हे वाक्य शुद्ध आहे, सुबोध आहे, आणि चिनी भाषांतराइतकेच घातक आहे. ‘वाटावा’ हे विध्यर्थी रूप इच्छेची दिशा दाखविते. आज काय आहे ह्याविषयी ते काहीच सांगत नाही. इंग्रजीतील कबुली मराठीत यावयाची असेल, तर संकेतार्थाकडे वळावे लागते : ‘मला स्वतःविषयी अधिक आदर वाटत असता तर बरे झाले असते.’ ह्यात ‘तसा वाटत नाही’ हे गर्भित आहे. परंतु आठवीतील विद्यार्थ्याने हे वाक्य एका वाचनात उलगडावे आणि त्याच्याशी आपण किती सहमत आहोत तेही ठरवावे, ही अपेक्षा जड आहे. कदाचित ‘मला स्वतःविषयी हवा तेवढा आदर वाटत नाही’ हे साधे वाक्यच अधिक चांगले. मात्र मग मूळ विधानातील इच्छेचा भाग सुटतो. ह्या तिन्हींतून निवड करणे हेच खरे भाषांतर, आणि ती निवड केवळ कोश उघडून होत नाही.

‘आदर’ ह्या शब्दाचा प्रश्न वेगळाच. मराठीत आदर बहुधा खालून वर जातो : धाकट्याला थोरल्याविषयी, शिष्याला गुरूविषयी. चौदा वर्षांच्या मुलाने स्वतःचाच आदर करावा ही कल्पना त्याला चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. ‘मान’ हा दुसऱ्यांनी द्यावयाचा असतो. ‘स्वाभिमान’ जवळचा वाटतो, पण त्यात कोणासमोर न वाकण्याचा ताठा आहे, आणि रोझेनबर्ग ह्यांना अभिप्रेत असलेली आत्मतुष्टी त्याहून शांत आहे. ‘अभिमान’ शब्दाला तर अहंकाराची जुनी छटा आजही चिकटलेली आहे. सारांश, जी मनोवृत्ती मोजावयाची तिला भाषेत सर्वमान्य नाव नसेल, तर प्रश्नावली प्रथम ती मनोवृत्ती मुलाला शिकविते आणि मग तिचे माप घेते.

मराठीच्या व्याकरणाने भाषांतरकारापुढे आणखी दोन पेच टाकले आहेत. इंग्रजीत प्रथमपुरुषी वाक्य बोलणाऱ्याचे लिंग प्रकट करीत नाही. मराठीत ‘मी लवकर घाबरतो’ म्हणणारा मुलगा असतो आणि ‘घाबरते’ म्हणणारी मुलगी. मुद्रणाच्या सोयीसाठी ‘घाबरतो/ते’ असे छापण्याची प्रथा आहे. तिने वाक्य वाचताना ठेच लागते. केवळ पुल्लिंगी रूप छापले, तर मुलीला प्रत्येक विधान दुसऱ्याच कोणाचे वाटते. मुलांसाठी व मुलींसाठी निरनिराळे कागद छापणे हा उपाय प्रामाणिक आहे, परंतु वर्गात वाटणीच्या वेळी त्याने स्वतंत्र अडचणी उभ्या राहतात. शिवाय स्वतःला ह्या दोन रकान्यांत न बसविणाऱ्या मुलाची तो पंचाईत करतो. म्हणून पुष्कळ भाषांतरकार चतुर्थीचा आश्रय घेतात : ‘मला लवकर भीती वाटते.’ येथे क्रियापद भीतीशी जुळते, बोलणाऱ्याशी नाही. युक्ती चांगली आहे, पण ती फुकट मिळत नाही. ‘मी घाबरतो’ ह्यात स्वभावाचे वर्णन आहे; ‘मला भीती वाटते’ ह्यात माणसावर ओढवणाऱ्या एका प्रसंगाचे. भीती येथे बाहेरून येते आणि मूल तिचे केवळ ठिकाण असते. प्रश्नावलीला स्वभाव मोजावयाचा आहे की अलीकडची अवस्था, हे आधी ठरविल्याशिवाय ह्या दोन रचनांत निवड करता येत नाही.

दुसरा पेच ‘वाटणे’ ह्या क्रियापदाचा. मराठीत भावनाही वाटते आणि मतही वाटते. ‘मला दुःख वाटते’ आणि ‘मला उद्या पाऊस पडेल असे वाटते’ ह्यांत क्रियापद एकच. इंग्रजी प्रश्नावलीत एके ठिकाणी अनुभूतीचे क्रियापद आणि दुसरीकडे विचाराचे योजलेले असते, आणि त्या भेदावर पुढे घटक विश्लेषणाच्या इमारती उभ्या राहतात. मराठीत दोन्हींच्या जागी ‘वाटते’ आले की भेद मावळतो. ‘आपण निरुपयोगी आहोत असे मला वाटते’ हे मुलाचे मत आहे की वेदना?

नकारार्थी विधानांचा विचार करताना घराघरांतील बोलणे आठवावे. ‘तू आज शाळेत गेला नाहीस का?’ ह्या प्रश्नाला न गेलेला मुलगा ‘हो, नाही गेलो’ असेही म्हणतो आणि ‘नाही, नाही गेलो’ असेही. ऐकणाऱ्याला आवाजावरून अर्थ कळतो. कागदावर आवाज नाही. ‘माझ्यात अभिमान बाळगण्यासारखे फारसे काही नाही’ ह्या आशयाच्या विधानापुढे ‘असहमत’ ह्या शब्दावर खूण करणे म्हणजे एका नकारावर दुसरा नकार रचणे होय. काही मुले हे कोडे बरोबर सोडवितात, काही कंटाळून मधल्याच चौकोनात जातात. प्रतिकूल विधाने मुळात ह्यासाठी घातलेली असतात की, डोळे झाकून सर्वत्र ‘सहमत’ म्हणणाऱ्याला पकडता यावे. भाषांतरात तीच विधाने प्रामाणिक मुलाला पकडतात, आणि घटक विश्लेषणात त्यांचा एक निराळा घटक तयार होतो. मग संशोधक त्या घटकाला भारदस्त मानसशास्त्रीय नाव देतो. पुष्कळदा तो घटक ‘नाही’ ह्या शब्दाचा असतो!

ह्या सर्व दोषांवर ‘उलट भाषांतर’ हा रामबाण उपाय मानला जातो. एकाने इंग्रजीतून मराठीत आणावयाचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने पुन्हा इंग्रजीत न्यावयाचे, आणि दोन इंग्रजी पाठ ताडून पाहावयाचे. ह्या पद्धतीला शास्त्रीय रूप देणारा रिचर्ड ब्रिसलिन ह्यांचा निबंध १९७० चा. ग्वाम विद्यापीठातील ९४ द्विभाषिकांकडून दहा भाषांत करून घेतलेल्या भाषांतरांवर तो आधारलेला होता. ब्रिसलिन ह्यांनी भाषांतरसुलभ इंग्रजी कशी असावी ह्याचेही नियम दिले : वाक्य आखूड असावे, सर्वनामाऐवजी नाम पुन्हा वापरावे, रूपक टाळावे, आणि इच्छा-संभावना दाखविणारी साहाय्यक रूपे टाळावीत. हा शेवटचा नियम पाळला गेला असता, तर रोझेनबर्ग ह्यांचे आठवे विधान आहे त्या स्वरूपात कोणी भाषांतरास घेतलेच नसते.

परंतु उलट भाषांतराची मर्यादा ओळखली पाहिजे. दोन्ही भाषांतरकार इंग्रजी शिकलेले असतात. ‘आदर वाटावा अशी माझी इच्छा आहे’ हे वाक्य वाचताच दुसऱ्याच्या मनात त्यामागचे इंग्रजी वाक्य आपोआप उभे राहते आणि तो मूळ पाठाशी तंतोतंत जुळणारे वाक्य लिहून देतो. जुळणी उत्तम, आणि दोष जागच्या जागी. किंबहुना मराठी जितकी अवघडलेली व इंग्रजीच्या वळणाची, तितके उलट भाषांतर अधिक बिनचूक उतरते. ‘पोटात गोळा येतो’ असे अस्सल मराठी लिहिणारा ह्या परीक्षेत कमी गुण मिळवितो, आणि ‘मी चिंताग्रस्त अनुभवतो’ असे लिहिणारा पहिला येतो. ह्याच साली, म्हणजे १९७० मध्ये, ओस्वाल्ड वर्नर आणि डोनाल्ड कॅम्बेल ह्यांनी मूळ पाठही बदलण्यास मोकळा ठेवावा, एकाच भाषेला केंद्र मानू नये, असा विचार मांडला. तो तत्त्वतः सर्वांना पटला. व्यवहारात मूळ इंग्रजी प्रश्नावली आधीच छापून जगभर गेलेली असते.

युरोपात ह्या विचाराला काही अंशी मूर्त रूप आले. आठ ते अठरा वर्षांच्या मुलांचे आरोग्यविषयक जीवनमान मोजणारी ‘किडस्क्रीन’ ही प्रश्नावली एका भाषेत तयार करून मग भाषांतरित केलेली नाही. तेरा युरोपीय देशांत एकाच वेळी मुलांशी चर्चा करून तिची विधाने सिद्ध झाली. मात्र तेरा देश असले तरी खंड एकच, शाळांची घडणही बरीचशी सारखी, हे विसरता येत नाही.

कागदाची भाषा कोणाच्या तोंडची आहे, हा प्रश्न भाषांतराच्या चर्चेत फारसा निघत नाही. छापील प्रमाण मराठीतील पत्रक वर्गात वाटले गेले की मुलाला ती प्रश्नपत्रिका वाटते, आणि प्रश्नपत्रिकेला बरोबर उत्तर असते. सूचनांत ‘तू’ म्हणावे तर शिक्षकांचा आवाज येतो. ‘तुम्ही’ म्हणावे तर परकेपणा येतो, आणि आपल्याला सगळे ‘तुम्ही’ का म्हणू लागले ह्याचे नवल वाटून मूल अधिकच जपून लिहिते. रॉबर्ट गुडमन ह्यांच्या १९९७ च्या पंचवीस विधानांच्या प्रश्नावलीत, जी अकरा वर्षांपासूनची मुले स्वतः भरतात, सांगितल्याप्रमाणे वागण्याविषयीचे एक विधान आहे. मराठीत ‘ऐकणे’ म्हणजे कानांनी ऐकणेही आणि आज्ञा पाळणेही. पण त्याहून महत्त्वाचे हे की, हा कागद जर शिक्षकच गोळा करणार असतील, तर ‘मी सांगितलेले ऐकतो’ ह्यापुढे ‘खोटे’ अशी खूण करण्यास कोणते शहाणे मूल धजेल? वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी घरांतील मुलांच्या बाबतीत हे अंतर दुप्पट होते : आधी पुस्तकी मराठीचे, मग प्रश्नांचे.

कालमर्यादेचा मुद्दा थोडक्यात. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ ह्या शब्दांनी अनेक प्रश्नावल्या आरंभ करतात. आपला ‘आठवडा’ शब्दाने आठांचा आणि दिवसांनी सातांचा. दोन आठवड्यांना लोक सर्रास ‘पंधरा दिवस’ म्हणतात. हिशेबाची ही लवचीकता निरुपद्रवी आहे. बाजाराचा वार, परीक्षा किंवा सण ह्यांपैकी एखादी खूण सांगितली, तर मुलाला काळ अधिक नेमका आठवतो.

आता मूळ प्रश्नावली जे विचारतच नाही, त्याकडे वळू. कोणतीही प्रश्नावली आपल्या भाषेतील दुःखाच्या शब्दांवर उभी असते. इंग्रजी साधनांत उदासपणासाठी निळ्या रंगाचा वाक्प्रचार येतो. लेनोर रॅडलॉफ ह्यांच्या १९७७ च्या श्रेणीत तो आहे, आणि त्याचे शब्दशः भाषांतर कोणी करीत नाही. हा उघड अडथळा असल्यामुळे तो सहज ओलांडला जातो. खरी हानी न दिसणारी आहे. मराठी मूल ‘करमत नाही’ म्हणते, ‘मन लागत नाही’ म्हणते, ‘डोके उठले’ म्हणते, ‘जीव घाबरा होतो’ म्हणते. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलीचे ‘करमत नाही’ ह्यात एकटेपणा, कंटाळा आणि घरची ओढ एकवटलेली असतात. हे विधान कोणत्याही भाषांतरित प्रश्नावलीत येणार नाही, कारण ते मुळात इंग्रजीत नव्हते.

नेपाळमधील संशोधनाने ह्या बाबतीत वाट दाखविली आहे. ब्रँडन कोर्ट आणि इयन हार्पर ह्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, नेपाळी भाषेत ‘मन’ आणि ‘दिमाग’ हे दोन निरनिराळे प्रदेश आहेत. मनात भावना, आठवणी, इच्छा राहतात. दिमाग विचार करतो आणि चारचौघांतील वागणूक सांभाळतो. मनाचे दुखणे कोणालाही होऊ शकते, आणि ते सांगण्यात कमीपणा नाही. दिमाग बिघडला म्हणजे मात्र वेड लागले, आणि घराण्याला बट्टा लागला. भाषांतरकाराने ‘मानसिक’ ह्या अर्थी ह्यांतला चुकीचा शब्द निवडला, तर उत्तर देणारा मूळ प्रश्नाला नव्हे, तर वेडेपणाच्या आरोपाला उत्तर देतो. मराठीतही मन आणि डोके ह्यांत असाच काहीसा भेद आहे : ‘मन थाऱ्यावर नाही’ आणि ‘डोके ठिकाणावर नाही’ ही वाक्ये एकमेकांच्या जागी ठेवून पाहावीत. नेपाळी भाषेतच १९९९ मध्ये मार्क व्हान ओमेरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूतानी निर्वासितांसाठी साधने तयार करताना प्रत्येक विधानाची नोंदपत्रिका ठेवण्याची रीत घालून दिली. विधान कळते काय, ते विचारणे समाजाला मान्य आहे काय, ते तेथील जीवनाला लागू आहे काय, आणि मूळ आशय पूर्ण उतरला आहे काय, हे चार प्रश्न त्या पत्रिकेचा कणा होत.

युगांडाच्या उत्तर भागात ह्याहून एक पाऊल पुढे पडले. थेरेसा बेटनकोर्ट, पॉल बोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धामुळे छावण्यांत राहणाऱ्या आचोली कुमारांसाठी भाषांतराचा मार्गच सोडला. तेथील लोक मुलांच्या कोणत्या दुखण्यांना कोणती नावे देतात हे प्रथम विचारण्यात आले. ‘त्वो ताम’, म्हणजे विचारांचे दुखणे, ‘पार’ आणि ‘कुमु’ अशी खिन्नतेच्या जवळची तीन नावे मिळाली. भयाची व दुर्वर्तनाची नावे वेगळी होती. त्या नावांखाली लोकांनी सांगितलेली लक्षणे हीच प्रश्नावलीची विधाने झाली. चौदा ते सतरा वर्षांच्या ३१४ कुमारांवरील उपचारांच्या तुलनेत हेच साधन वापरले गेले, आणि गट करून दिलेल्या उपचाराने मुलींची खिन्नता कमी झाल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात ह्या मार्गाची किंमत आहे : आचोली साधनाचा अंक न्यूयॉर्कच्या अंकाशेजारी ठेवता येत नाही. ज्याला मुलांना मदत करावयाची आहे त्याला ही किंमत मोठी वाटू नये; ज्याला राष्ट्रांचे तक्ते करावयाचे आहेत त्याला ती परवडत नाही. प्रश्नावली कशासाठी हवी, हे ठरविण्याआधीच भाषांतरास बसणे हा आपल्याकडील नेहमीचा दोष आहे.

विधाने निर्दोष झाली, तरी उत्तरांच्या पायऱ्या उरतातच. हॅरोल्ड स्टीव्हनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये जपानातील सेंदाई, तैवानातील तैपेई, अमेरिकेतील मिनेॲपोलिस व कॅनडा येथील अकरावीच्या विद्यार्थ्यांची उत्तरे तुलनेसाठी घेतली. जपानी व चिनी विद्यार्थी मध्यबिंदू अधिक निवडतात आणि अमेरिकन विद्यार्थी टोकाच्या पायऱ्या अधिक निवडतात, असे दिसून आले. ‘कधीकधी’, ‘बऱ्याचदा’, ‘नेहमी’ ह्या मराठी शब्दांत समान अंतरे आहेत असे समजण्यास काहीही आधार नाही. ‘नेहमी’ हा शब्द तर तक्रारीच्या सुरात सहज उच्चारला जातो. नेपाळात मुलांना पाण्याने कमी-अधिक भरलेल्या पेल्यांची चित्रे दाखवून उत्तर घेतले गेले. ही सूचना मराठीतही आजमावण्याजोगी आहे.

अंकांच्या तुलनेसाठी सांख्यिकीने ‘मापनाची समरूपता’ ही अट घातली आहे. सारख्याच खिन्न असलेल्या दोन मुलांनी, ती कोणत्याही भाषेची वा लिंगाची असोत, विधानाला सारखेच उत्तर दिले पाहिजे, असा तिचा सोपा अर्थ. रडण्याविषयीच्या विधानात ही अट वारंवार मोडते : तितकाच खिन्न मुलगा मुलीपेक्षा कमी रडल्याचे सांगतो. ही अट न तपासता केलेल्या तुलनेचे काय होते हे ॲना गुडमन आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासात स्पष्ट झाले. बांगलादेश, ब्राझील, ब्रिटन, भारत, नॉर्वे, रशिया आणि येमेन ह्या सात देशांतील पाच ते सोळा वर्षांच्या २९,२२५ मुलांची प्रश्नावलीवरील गुणसंख्या आणि सविस्तर मुलाखतीवरून झालेले निदान त्यांनी शेजारी ठेवले. एका देशाची गुणसंख्या दुसऱ्याहून अधिक म्हणजे तेथे विकारही त्या प्रमाणात अधिक, असे मुळीच आढळले नाही.

गोव्यातील बारा ते सोळा वर्षांच्या २,०४८ मुलामुलींची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मानसिक विकारांचे प्रमाण १.८१ टक्के, म्हणजे इतर देशांतील आकड्यांच्या मानाने फारच कमी, निघाले. कुटुंबाचा भक्कम आधार हे कारण संशोधकांनी पुढे केले, आणि ते अविश्वसनीय नाही. परंतु असा आकडा समोर आला असता भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न विचारणे त्याचे कर्तव्य आहे : दुःख कमी आहे, की ते ज्या शब्दांत सांगितले जाते ते शब्द विचारले गेले नाहीत? दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, आणि त्या वेगळ्या करण्याचे साधन मुलांच्या बोलण्याच्या अभ्यासातूनच मिळेल.

ह्या अभ्यासाची व्यावहारिक पद्धत खर्चिक नाही. दहा-बारा मुले घ्यावीत, निरनिराळ्या बोलींची, मुलगे आणि मुली दोन्ही. विधान वाचून ‘हे तुझ्या शब्दांत सांग’, ‘असे कधी झाले ते आठव’, ‘ही खूण तू का केलीस’ एवढेच विचारावे, आणि उत्तरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत. आठव्या विधानाचा दोष उलट भाषांतराने कळणार नाही; तिसऱ्या-चौथ्या मुलाच्या उत्तरात तो उघडा पडेल. त्यानंतरच मोठ्या संख्येवर प्रयोग करावा, आणि शक्य तेथे काही मुलांची जाणकाराकडून स्वतंत्र मुलाखत घेऊन गुणसंख्येशी ताडून पाहावी. नेपाळात कोर्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मुलांच्या खिन्नतेच्या श्रेणीसाठी हेच केले. परदेशात ठरलेला सीमांक आपल्या शाळेत चालेल असे त्यांनी गृहीत धरले नाही.

एक अडचण शेवटी सांगितली पाहिजे, कारण विद्यार्थी तिच्यावर अडखळतात. गुडमन ह्यांच्या प्रश्नावलीसारखी अनेक साधने स्वामित्वहक्काने बांधलेली आहेत. परवानगीवाचून त्यांचे नवे भाषांतर करता येत नाही आणि एक शब्दही बदलता येत नाही. हे बंधन सर्वस्वी अन्यायाचे नाही. प्रत्येकाने आपापला पाठ केला, तर दोन जिल्ह्यांतील आकडेही ताडता येणार नाहीत. परंतु अधिकृत पाठातील एखादे विधान मुलांना कळत नाही असे आढळल्यास, ते मुकाट्याने सुधारून वापरण्याऐवजी मुलांच्या उत्तरांसह हक्कधारकाला कळवावे, आणि प्रबंधाच्या परिशिष्टात अंतिम पाठाबरोबर टाकून दिलेले पर्याय व ते का टाकले ह्याची नोंद छापावी. आंतरराष्ट्रीय कसोटी आयोगाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांच्या दुसऱ्या आवृत्तीतही रूपांतरात केलेल्या बदलांचा लेखी तपशील मागितलेला आहे. अशा नोंदी एकत्र ठेवल्या, तर पुढच्या विद्यार्थ्याला ‘आदर’ की ‘मान’, ‘घाबरतो’ की ‘भीती वाटते’ हा विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार नाही.